अक्कांनी न मागितलेली सही

ज्या घरी मृत्यू झाला आहे त्या घरात पाऊल टाकल्यावर शिवगंगाअक्कांची दृष्टी प्रथम छताकडे जाई. पंखा फिरत असेल तर कुणालाही न विचारता त्या भिंतीपाशी जाऊन तो बंद करीत. लातूरचा वैशाख, माणसांनी भरलेली खोली, आणि पंखा बंद करणारी ही अपरिचित स्त्री! लोक आधी चकित होत आणि मग संतापत. तोवर अक्कांनी पिशवीतून वाटी काढून तीत कापसाच्या दोन घड्या भिजविलेल्या असत. मृताच्या पापण्या अलगद मिटावयाच्या, त्यांवर त्या घड्या ठेवावयाच्या, मस्तकाखाली उशी सरकवावयाची आणि नंतर घड्याळाकडे पाहावयाचे, असा त्यांचा क्रम होता. कुणी रागाने विचारलेच तर त्या म्हणत, "वाऱ्यानं बुबुळ सुकतं बाबा. दहा मिनिटं घाम येऊ द्या."

मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्र काढून घेतले तरच ते दुसऱ्याच्या उपयोगी पडतात, हे पुष्कळांना त्यांच्याकडूनच प्रथम कळले. अक्का कोणत्याही संस्थेच्या पदाधिकारी नव्हत्या. लातूरच्या गंजातील, म्हणजे धान्यपेठेतील, एका भुसार दुकानदाराची ही पत्नी, शिक्षण चौथीपर्यंतचे. कपाळावर विभूतीचे तीन रुंद पट्टे, गळ्यात वस्त्रात बांधलेले इष्टलिंग, अंगावर इरकल, हातात कापडी पिशवी. पिशवीत कापूस, वाटी, संमतीपत्रे आणि दोऱ्याने बांधलेले पेन असे, कारण दुःखाच्या घरात वेळेवर पेन सापडत नाही, असा त्यांचा अनुभव होता. औसा, रेणापूर, अहमदपूर, जेथून निरोप येई तेथे त्या एसटीने जात. रेणापूरजवळच्या खेड्यात त्यांच्या मातोश्रींच्या डोळ्यांत ज्वारीचे कूस जाऊन दृष्टी गेली होती. ती परत येऊ शकते, हे कळले तेव्हा त्या माउलीला जाऊन दोन वर्षे झाली होती. अक्कांच्या या कार्याचा उगम तेवढाच. त्याविषयी त्या कधी भाषण करीत नसत.

त्यांना लोक काय काय म्हणत! एकदा औशाला एका घराच्या दारातच एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने बोलले, "आलं बघा गिधाड." अक्का चपला काढता काढता म्हणाल्या, "गिधाड सोताच्या पोटासाठी येतं, काका. माझं पोट भरलेलं हाय. तुम्ही काही खाल्लं का सकाळधरनं?" त्या घरी नकार मिळाला. अक्का निघून आल्या नाहीत; स्वयंपाकघरात जाऊन सर्वांना चहा करून दिला, आणि मगच एसटी धरली. "त्यांचं माणूस हाय. देणं न देणं त्यांचं," असे त्या म्हणत. होकार मिळालेल्या घरापेक्षा नकार मिळालेल्या घरी त्या अधिक वेळ थांबत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

माझी त्यांची पहिली भेट मात्र मला लज्जास्पद वाटावी अशी आहे. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे, आणि मृत्यूच्या प्रसंगी काही शंका निघाली तर लोक मला बोलावीत. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील सकाळी निवर्तले होते. अक्का त्याच्याशेजारी जमिनीवर बसून हलक्या स्वरात काही विचारीत होत्या. त्याने ते ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून म्हटले, "गुरुजी, डोळे दिले तर पुढच्या जन्मी माणूस आंधळा होतो म्हणतात. शास्त्राला चालतं का हे?"

खोलीतील सर्वांचे लक्ष माझ्याकडे लागले. शास्त्राचे नाव घेऊन बोलावयाचे असेल तर आधार पाहिल्यावाचून बोलू नये, अशी माझ्या गुरूंची शिकवण. मी म्हणालो, "ग्रंथ पाहून सांगतो."

मी घरी गेलो. मृताच्या घरून आलो म्हणून स्नान केले. धूतवस्त्र वाळले नव्हते, ते वाळेपर्यंत थांबलो. मग पोथ्यांना हात लावला. निषेध मला कोठेही आढळला नाही. दानाची थोरवी मात्र जागोजागी आढळली. एका कागदावर आधार टिपून घेऊन मी परतलो, तेव्हा अक्का अंगणातल्या नळाखाली कापसाच्या घड्या पिळीत होत्या.

"वखत निघून गेला, गुरुजी," त्या म्हणाल्या. "काय निघालं पुस्तकात?"

"चालते," मी म्हणालो.

"चालतं ना? बरं झालं."

त्या स्वरात उपहास नव्हता, म्हणूनच तो मला सहन झाला नाही. आठ दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या आणि ओसरीच्या पायरीवर बसल्या. "म्या म्हणलं, समदं एकदाच विचारून ठेवावं. लोक काय काय विचारतात ते सांगते. तुम्ही निवांत बघा, आणि पुढच्या खेपेला माझ्यासंगं चला. फक्त आंघोळ घरून करून या."

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. माझे काम अल्प होते. कुणी शास्त्र विचारले तर तत्काळ उत्तर द्यावयाचे. कुणी विचारले नाही तर गप्प बसावयाचे. "बोलावल्याबिगर बोलायचं न्हाई," हा अक्कांचा दंडक होता. ज्याच्या शब्दावर घर चालते त्याच्याकडे त्या जात नसत. सर्वांत मुकाट्याने रडणारे माणूस त्या शोधीत, त्याच्याजवळ जमिनीवर बसत आणि त्याला विचारीत. त्यांच्या स्वतःच्या समाजात तर काळाची निकड अधिकच असे. लिंगायतांमध्ये मृतास बसलेल्या स्थितीत समाधी देतात. त्यामुळे देह ताठण्यापूर्वी त्याला भिंतीशी टेकवून बसवावे लागते, विभूती लावतात, हार घालतात, आणि सारे गाव त्या मुखाचे दर्शन घेते. "चारचौघांत बसवायचं माणूस, त्याचेच डोळे काढायचे?" हा प्रश्न तेथे ठरलेला. अक्का शांतपणे सांगत, "पापणी मिटलेली दिसते. झोपल्यासारखं दिसतं. माझा शब्द हाय." आणि बसविण्याची त्वरा करणाऱ्या नातलगांना त्या एका हाताने थोपवून धरीत.

घराबाहेर इतक्या कठोर निश्चयाने वावरणारी ही स्त्री आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र लोण्याहून मऊ होती. विश्वनाथ हा त्यांचा एकुलता पुत्र, विवाहानंतर अकरा वर्षांनी झालेला. तो नांदेडला शिकावयास गेला तेव्हा दर पंधरा दिवसांनी अक्का लातूर-नांदेड एसटीत बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जात, त्याला समोर बसवून खाऊ घालीत आणि सायंकाळच्या गाडीने परत येत. इतका प्रवास तासाभराच्या भेटीसाठी कशाला, असे मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "पोष्टानं पाठवलं असतं तर चटणी पोचली असती. तो जेवला का न्हाई, ते कसं कळलं असतं?" पुढे तो तेथेच सरकारी कार्यालयात अभियंता झाला, नांदेडला घर केले, तरी हे येणेजाणे थांबले नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे लिहावयास बसलो त्याकडे वळले पाहिजे. तो सांगावयाचे मी पुष्कळ वर्षे टाळले.

अक्कांचे यजमान, ज्यांना सर्वजण अप्पा म्हणत, एका सकाळी सहाच्या सुमारास गेले. त्या काळी प्रत्येकाच्या खिशात मोबाईल नव्हता. शेजारच्या दूरध्वनीवरून नांदेडला निरोप गेला, आणि विश्वनाथ साडेसातच्या बसने निघाल्याचे उलट कळले. अकरापर्यंत तो पोहोचावयास हवा होता. अक्कांनी कापूस, उशी, सर्व काही स्वतःच्या हाताने केले. नेत्रपेढीचे डॉक्टर दहा वाजल्यापासून ओसरीवर बसून होते. अकरा वाजले. नातलग म्हणू लागले, आता बसविले पाहिजे. साडेअकरा होत आले, तरी विश्वनाथ आला नाही. बारा वाजता सहा तास पूर्ण होणार होते.

अक्का मागल्या परसात माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात दोऱ्याचे पेन होते.

"गुरुजी, बस आली न्हाई अजून. थांबू का?"

मला माझ्या पाठशाळेतल्या विद्यार्थ्याचे घर आठवले, आणि माझे ते न वाळलेले धूतवस्त्र. विलंबाने काय हरवते हे मी एकदा पाहिले होते. त्वरेने काय हरवते ते अजून पाहावयाचे होते. मी म्हणालो, "थांबू नका."

त्यांनी मान हलविली, आणि आत जाऊन सही केली.

विश्वनाथ सव्वा वाजता आला. बस अहमदपूरच्या अलीकडे बंद पडली होती. काही अंतर तो चालत आला होता आणि पुढे एका ट्रकमध्ये बसला होता. त्याचे पाय धुळीने भरलेले होते. अप्पांना तोवर भिंतीशी बसविले होते. कपाळी विभूती, गळ्यात हार, नेत्र मिटलेले. तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि सावकाश म्हणाला, "अप्पांचे डोळे उघडा. एकदा बघू द्या मला."

अक्का त्याच्याजवळ गेल्या. "विशू, दिले रे."

त्याला अर्थ कळावयास थोडा वेळ लागला. "मला विचारायचं होतं, आई."

"बस आली न्हाई."

"बस येत होती," तो म्हणाला.

एवढेच. आरडाओरडा नाही, अश्रूदेखील नाहीत. पुत्राचे सर्व कर्तव्य त्याने यथासांग केले. परंतु त्या क्षणी मायलेकांमध्ये जे एक दार मिटले ते मिटलेलेच राहिले, आणि ते मी मिटविले होते, हे तिसरा कुणी जाणत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी अक्कांना म्हणालो, "थांबू नका असे मी सांगितले, हे विश्वनाथाला मी सांगतो."

"काही गरज न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही तोंडानं सांगितलं. सही माझी हाय."

मी तो निर्णय मान्य केला, आणि फार सहजपणे मान्य केला. त्या सहजतेचे मला आज अधिक दुःख होते.

त्यानंतर बावीस वर्षे गेली. विश्वनाथने आईला अंतर दिले असे कुणीही म्हणू शकणार नाही. तो प्रत्येक सणाला येई, औषधे आणी, पाया पडे. मात्र लातूरच्या घरी तो एका रात्रीपेक्षा अधिक राहत नसे, आणि अक्का एखाद्या घरी जाऊन आल्या असल्या तर कोठे गेली होतीस असे विचारीत नसे. अक्कांनीही त्या विषयाचा शब्द त्याच्यापुढे काढला नाही. त्यांनी स्वतःच्या नेत्रदानाचे पत्र केव्हाच भरून ठेवले होते. परंतु मृत्यूनंतर जवळच्या नातलगाची संमती लागतेच, हे त्यांच्याहून अधिक कोण जाणणार! शेकडो अपरिचितांपुढे जमिनीवर बसून ज्यांनी मागणे मागितले, त्यांना हे एक मागणे स्वतःच्या मुलापाशी मागता येत नव्हते. वर्षे वाढत गेली तशी ही गोष्ट मला भिववू लागली. मी एकदा सुचविले की विश्वनाथाला आताच विचारून ठेवावे. "मागायचा हक्क लागतो, गुरुजी," त्या म्हणाल्या. "तो म्या त्या दिवशी खर्च केला."

चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे हृदय थकले. विश्वनाथ त्यांना नांदेडला घेऊन गेला आणि दोन महिने आपल्याजवळ ठेवले. एका विवाहाच्या निमित्ताने मी नांदेडला गेलो असता त्यांना भेटावयास गेलो. मायलेक स्वयंपाकघरात होते.

"आई, भाकर करू नको म्हणलं ना डॉक्टरनं. उभं राहायचं न्हाई."

"उभी कुठं हाय? स्टुलावर बसून केली."

"स्टूल कुणी दिलं तुला?"

"तूच आणलंस की परवा बाजारातून. आता माझ्यावर कामून ओरडतोस?"

"अन् ही आमटी? मीठच न्हाई हिच्यात."

"डॉक्टरनं सांगितलं तेवढंच घातलं. त्याला विचार चव कुठं गेली ते."

विश्वनाथ हसू दाबीत दुसऱ्यांदा वाढून घेत होता. मी दारात उभा होतो. या दोघांत स्नेहाची वाण नव्हती. सर्व विषयांवर ते असेच बोलत, एक सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ऊन खात बसलेल्या अक्कांनी मला जवळ बोलाविले. "गुरुजी, एक वचन पाहिजे. म्या गेले की लोक विशूला समजावायला येतील. आईची इच्छा, आईचं पुण्य, असलं लई बोलतील. तुम्ही बोलायचं न्हाई. त्यानं शास्त्र विचारलं तरी न्हाई. तो न्हाई म्हणला तर न्हाई. एकदा त्याच्या बापाचं त्याला न विचारता झालं. माझं त्याला विचारून होऊ द्या. मंग काय बी होऊ द्या."

"आणि नेत्र वाया गेले तर?"

त्यांनी खाली रस्त्याकडे नजर वळविली. "जातील. पर त्याला वाटायला नको, की आईनं मेल्यावर बी दुसऱ्याच्या तोंडानं करून घेतलं."

मी वचन दिले. तुम्ही असत्य बोलणार नाही म्हणून तुम्हालाच सांगते, असे त्या म्हणाल्या, तेव्हा परसातील ते माझे दोन शब्द आठवून माझी मान खाली गेली. पंधरा दिवसांनी त्या हट्टाने लातूरला परत आल्या.

महिनाभराने एका सोमवारी सकाळी साडेदहाला अक्का गेल्या. इष्टलिंगाची पूजा आटोपून बसल्या होत्या, तेथेच भिंतीला टेकल्या. दुकान चालविणारा त्यांचा पुतण्या मल्लिकार्जुन याने मला बोलाविले. त्यांच्या हाताखाली जे पाहिले होते ते सर्व मी केले. नेत्रपेढीचे डॉक्टर साडेअकराला आले. अवधी साडेचारपर्यंतचा होता. विश्वनाथ नांदेडबाहेर एका कामावर होता. त्याचा फोन लागला तो साडेबारा वाजता. मल्लिकार्जुनने रडत वार्ता दिली आणि त्याच श्वासात नेत्रदानाविषयी विचारले.

विश्वनाथ म्हणाला, "मी निघालो. मी येईपर्यंत काही करू नका." आणि फोन बंद झाला.

दोन वाजता मल्लिकार्जुनचा धीर सुटला. "काकूची इच्छा अख्ख्या लातूरला ठाऊक हाय. म्या पुतण्या हाय, म्या करतो सही. डॉक्टर, चालतंय ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना अक्कांविषयी मातेसारखा आदर होता. "जवळच्या नातलगाने दिली तर मला घेता येते," ते म्हणाले. "पण तुम्ही सर्वांनी मिळून ठरवा."

मी म्हणालो, "विश्वनाथ येईपर्यंत थांबावयाचे."

"तीन तास लागतात गुरुजी नांदेडहून. रस्त्याचं काम चालू हाय अहमदपूरला."

"तरीही."

मल्लिकार्जुन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "तुमचं मला कळत न्हाई. काकू सांगायची, पहिल्या खेपेला तुम्ही पोथी बघायला गेला अन् वखत घालवला. आता पोराची वाट बघत घालवा. जिनं जिंदगीभर दुसऱ्यांच्या दारात जाऊन डोळे मागितले, तिचेच मातीत घाला."

खोलीतील स्त्रिया रडावयाच्या थांबून माझ्याकडे पाहू लागल्या. त्याचे बोलणे चुकीचे होते असे मला म्हणता येईना. मी भिंतीशी बसून राहिलो. अंत्यविधी करणारे जंगम स्वामी आले, देह बसविण्याची तयारी कोठवर आली असे विचारू लागले. त्यांनाही मी हात जोडून थांबविले. तीन वाजले. साडेतीन वाजले. मी जप करीत होतो असे सांगितले तर ते खोटे ठरेल; मी रस्त्यावरील प्रत्येक वाहनाचा आवाज ऐकत होतो.

पावणेचारला विश्वनाथची मोटार दारात आली. तो आत आला, आईच्या पायांवर मस्तक ठेवले आणि तिच्या उशाशी मांडी घालून बसला. डॉक्टर पुढे झाले नाहीत. मल्लिकार्जुनने तोंड उघडले, तेव्हा मी त्याचा हात धरला. संमतीपत्र मीच विश्वनाथपुढे ठेवले.

"विश्वनाथ, हे पत्र तुमच्या निर्णयासाठी आहे. नको म्हणालात तर कुणीही पुन्हा विचारणार नाही."

त्याने त्या कागदाकडे पाहिले नाही. "तिनं तुम्हाला काय सांगून ठेवलं होतं?"

"तुम्हाला काहीही समजावू नये, असे. शास्त्रदेखील सांगू नये, असे."

"का?"

"तुम्हाला विचारून व्हावे म्हणून."

घड्याळात चारला पाच मिनिटे कमी होती. तो आईचा हात आपल्या हातात घेऊन बसला होता. त्याचे केस पिकले होते, हे मी त्या दिवशी प्रथमच लक्षपूर्वक पाहिले. मग त्याने विचारले, आणि तो प्रश्न मला होता की आईला, हे मला सांगता यावयाचे नाही, "अप्पांच्या वेळी अर्धा तास तरी माझी वाट का न्हाई पाहिली?"

या प्रश्नाविषयी मी वचन दिलेले नव्हते. अक्का हयात असत्या तर त्यांनी मला या वेळीही गप्प बसविले असते, हे जाणून मी बोललो. "त्यांना थांबावयाचे होते. त्या परसात येऊन मला विचारून गेल्या. थांबू नका, असे मी म्हणालो."

विश्वनाथने मान वर केली. "तुम्ही?"

"मी. हे तुम्हाला सांगतो असे मी त्यांना तिसऱ्याच दिवशी म्हटले होते. सही माझी आहे, असे म्हणून त्यांनी मला अडविले, आणि मी अडलो."

"बावीस वर्षं," तो म्हणाला. "बावीस वर्षांत तुमचं नाव घेतलं न्हाई तिनं."

"नाही घेतले."

मला वाटले, तो आता माझ्यावर रागावेल; तसे झाले असते तर मला सुटल्यासारखे वाटले असते. तो रागावला नाही. तो आईवर वाकला, तिच्या एका डोळ्यावरील कापूस बाजूला केला आणि अंगठ्याने तिची पापणी हळूच वर उचलली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले आणि त्याला थांबविण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. विश्वनाथने मग दुसरीही पापणी उचलली. किती वेळ तो पाहत होता, मी मोजले नाही. पुढे त्याने दोन्ही पापण्या आपल्या हाताने मिटल्या आणि माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. मी पेन दिले.

त्याने सही केली, आणि मृताशी नाते या रकान्यात 'मुलगा' असे लिहिले. डॉक्टरांनी सर्वांना बाहेर जावयास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मी बसतो इथं." डॉक्टर सहसा कुणाला बसू देत नाहीत. त्याला त्यांनी बसू दिले.

मी अंगणात आलो. मल्लिकार्जुन डोळे पुसत माझ्याजवळ आला आणि ओशाळ्या स्वरात म्हणाला, "चिडून बोललो, गुरुजी. शेवटी काय सांगितलंत तुम्ही त्याला? शास्त्र?"

"नाही," मी म्हणालो. "माझी चूक सांगितली."